ओढ कोणत्या चाकाला?

ऑक्टोबर उजाडला की सोलापूर जिल्ह्यात परतीचा पाऊस आणि उसाचा हंगाम यांची गाठ पडते. कारखान्यांच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन उरकलेलं असतं, तोडणीच्या टोळ्या फडात उतरलेल्या असतात, आणि भीमा-सीनेकाठच्या काळ्या रानाला मात्र अजून वाफसा आलेला नसतो. भरलेली ट्रॉली फडातून बांधावर, बांधावरून पाणंदीत आणि पाणंदीतून डांबरीला लावायची, एवढंच काम. अंतर काही शे मीटरांचं. पण पुढच्या सगळ्या डांबरी रस्त्यापेक्षा ट्रॅक्टरवाल्याला तेवढंच अंतर जड जातं.

अशा फडात नेहमी दिसणारी गोष्ट. ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक सरीच्या चिखलात बसतं आणि जागच्या जागी गरगरायला लागतं. डावं चाक घट्ट बांधावर आहे, त्याला पकड आहे, ओझं आहे, पण ते ढिम्म उभं. चालक रेस कमी करतो, टाचेजवळचं एक लहानसं पेडल दाबतो. मागच्या हाऊसिंगमधून ‘खट्’ असा आवाज येतो. आता दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरू लागतात, बांधावरचं चाक जमीन धरतं आणि ट्रॉली इंचाइंचानं वर निघते. कडेला आल्याबरोबर चालक पाय काढून घेतो, कारण ते पेडल दाबलेलं असताना स्टिअरिंग वळवलं तर आतले दाते मोडायची भीती असते.

हे पेडल म्हणजे डिफरन्शियल लॉक. गाडीच्या मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं पाहून लाखो रुपये जास्त मोजणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला जे क्वचितच कुणी समजावून सांगतं, ते सोलापूरच्या ट्रॅक्टरचालकाच्या टाचेला ठाऊक असतं. गाडीची किती चाकं इंजिनाला जोडली आहेत, हा अर्धाच प्रश्न. एक चाक घसरल्यावर ओढ कुठे जाते, हा उरलेला आणि महत्त्वाचा अर्धा.

तो समजून घ्यायचा तर आधी डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर काटावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर काटकोनातल्या एका वळणात बाहेरचं चाक सव्वादोन मीटरांहून अधिक जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर प्रत्येक वळणाला एक तरी टायर फरफटणार. १८२७ साली फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. त्याच्या दातेरी चाकांच्या रचनेमुळे दोन्ही चाकांना ओढ सारखी मिळते, पण वेग वेगवेगळा ठेवायची मोकळीक राहते. आजच्या बहुतेक मोटारींत तीच कल्पना फिरते आहे.

तिची गोम ‘सारखी’ या शब्दात आहे. बैलजोडीतला एक बैल मागे हटला की जू तिरपं होतं आणि दुसऱ्याचा जोरही वाया जातो, तसं इथे घडतं. चिखलातलं चाक फिरवायला जेमतेम जोर लागतो. तेवढाच जोर बांधावरच्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि तेवढ्यानं भरलेली ट्रॉली हलत नाही. इंजिन कितीही मोठं असो, फरक पडत नाही.

आता ही गोष्ट चार चाकांना लावून पाहावी. पुढच्या एक्सलला एक डिफरन्शियल, मागच्याला एक, आणि गाडी कायम चारही चाकांवर चालणारी असेल तर मध्ये तिसरा, कारण वळताना पुढची आणि मागची जोडीही सारखं अंतर चालत नाही. तिन्ही डिफरन्शियल मोकळे ठेवले तर चार चाकांतलं एक चाक हवेत राहिलं तरी सगळी गाडी उभी राहील. म्हणून जगातल्या प्रत्येक ऑल-व्हील ड्राइव्ह पद्धतीचं वेगळेपण एकाच ठिकाणी शोधावं: घसरणाऱ्या चाकाला आवर घालायची तिची युक्ती कोणती?

सोलापूरचा मोटारधंद्याशी संबंध जुना आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणाऱ्या वालचंद हिराचंदांचा जन्म याच शहरातला, १८८२ सालचा. मात्र प्रीमियरच्या ज्या मोटारी घराघरांत पोचल्या, त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. चारही चाकांची ओढ मराठी मुलखात रुजवली ती दुसऱ्या घराण्यानं. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ मध्ये घडलेली ही गाडी पुढे पाटबंधारे खात्याची, तहसीलदाराची, फौजदाराची आणि निवडणुकीतल्या उमेदवाराची झाली.

जीपची पद्धत सगळ्यांत साधी. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची पेटी आणि तिच्यावर वेगळा लीव्हर. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. लीव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. मधला डिफरन्शियल नाहीच. त्यामुळे पुढची ओढ आणि मागची ओढ यांत तडजोड होत नाही: मागची दोन्ही चाकं चिखलात गरगरू लागली तरी पुढची जोडी आपलं काम करत राहते. याच पद्धतीला पार्ट-टाइम म्हणतात. महिंद्राची जुनी एमएम ५४०, मारुतीची जिप्सी, आताची थार, जिम्नी, फोर्स मोटर्सची गुरखा, टोयोटाची फॉर्च्युनर ही सगळी त्याच कुळातली.

पार्ट-टाइमची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते. मधला डिफरन्शियल नसल्यानं कोरड्या, कडक रस्त्यावर वळण घेतलं की पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरातला फरक जिरायला जागा उरत नाही. शाफ्टला पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी चालते, आणि लीव्हर बाहेर काढू म्हटलं तर तो निघत नाही. चिखलात चाक थोडं सरकतं आणि पीळ आपोआप सुटतो, म्हणून तिथे ही अडचण जाणवत नाही. ट्रॅक्टरचंही तेच. फोर बाय फोर ट्रॅक्टरची पुढची लहान चाकं जमिनीवर मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं, साधारण एक ते पाच टक्के, फिरावीत असंच गणित ठेवलेलं असतं, म्हणजे ती ट्रॅक्टरला पुढे खेचत राहतात. नांगरटीत याचा फायदा होतो. पण पुढची ओढ चालू ठेवून तोच ट्रॅक्टर डांबरीवर पळवला तर पुढचे महागाचे टायर बघता बघता गुळगुळीत होतात.

या कुळाचं दुसरं धन म्हणजे लो गिअर. ट्रान्स्फर केसचा लीव्हर ‘फोर लो’वर गेला की प्रत्येक गिअर आणखी आखूड होतो, जिम्नीत सुमारे दुपटीनं, थारमध्ये जवळजवळ अडीचपटीनं. वेग घटतो, चाकावरची ओढ त्याच प्रमाणात वाढते. पाणंदीतून गाडी काढताना खरी गरज याची असते. चिखलात जोरात रेस दिली की चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. क्लच न जाळता, चाक न उडवता, माणसाच्या चालीनं गाडी पुढे सरकवता आली तर निम्मं काम झालं.

जुन्या जिप्सीत यासाठी आणखी एक सोपस्कार होता. पुढच्या चाकांच्या तुंब्यावर हातानं फिरवायच्या चकत्या असत. रस्त्यावर पुढचे शाफ्ट उगाच फिरू नयेत म्हणून त्या सोडलेल्या. चिखल आला की खाली उतरायचं, वाकायचं आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या फिरवून हब लॉक करायचे. शहाणा चालक हे चिखलाच्या अलीकडे उरकायचा, उतावळा घोटाभर राड्यात उभा राहून. थारला आता चालत्या गाडीत टू-हायवरून फोर-हायवर जाता येतं. लो मात्र गाडी थांबवूनच टाकावा लागतो.

एवढं असूनही पार्ट-टाइम गाडीचे पुढचे-मागचे डिफरन्शियल मोकळे असतील तर पुढचं एक आणि मागचं एक चाक एकदम सुटल्यावर ती अडकते. तिरकस चर ओलांडताना हे हमखास घडतं. इथे त्या टाचेखालच्या पेडलचं मोल कळतं. गुरखानं हा प्रश्न सर्वांत सरळ सोडवला: पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलना चालकाच्या हातातलं लॉक. पुण्याच्या या कंपनीनं शहरी ऐषारामाच्या शर्यतीत न पडता ही गोष्ट टिकवली, याचं कौतुक करायला हवं. थारच्या वरच्या प्रकारांत मागच्या एक्सलला आपोआप लागणारं यांत्रिक लॉक मिळतं. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उसळतात, क्लचच्या चकत्या आवळतात आणि डिफरन्शियल बंद होतो. ना बटण, ना संगणक.

जिम्नी हेच काम ब्रेककडून करून घेते. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणक क्षणभर आवळतो. ते चाक फिरवायला आता जास्त जोर लागतो, आणि डिफरन्शियलच्या ‘सारखी ओढ’ या नियमानं तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. वजन वाढत नाही, फार सुटे भाग लागत नाहीत. आज बहुतेक महाग गाड्याही हीच युक्ती वापरतात. तिची मर्यादा अशी की चाक आधी घसरावं लागतं, मग ब्रेक लागतो, आणि खूप वेळ घुसळत राहिलं तर ब्रेक तापतात. चिकट काळ्या मातीत, जिथे चाकाचा प्रत्येक जादा फेरा गाडीला बोटभर खाली नेतो, तिथे आधीच बंद केलेलं लॉक केव्हाही वरचढ.

कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. १९७० च्या रेंज रोव्हरनं मधला डिफरन्शियल दिला, तो लॉक करायची सोय दिली, आणि आरामशीर मोटार व रानगाडी यांतली भिंत पाडली. ती बनवणारी कंपनी २००८ पासून टाटांची आहे. त्याच घरातून निघालेल्या आराखड्यावर पुण्याची हॅरियर उभी राहिली, जरी डिझेल हॅरियर आजवर पुढच्याच चाकांवर चालली. ऑडीची सुरुवात फिनलंडच्या बर्फात झाली. १९७६-७७ च्या हिवाळ्यात तिथे चाचणी घेताना योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याला दिसलं की फोक्सवॅगनची कमी ताकदीची लष्करी इल्टिस जीप ताकदवान मोटारींना मागे टाकते आहे. त्यातून १९८० ची क्वाट्रो जन्मली. तिनं जागतिक रॅलीचं मैदान असं मारलं की दोन चाकांच्या ओढीवर जिंकण्याचे दिवस थोड्याच वर्षांत सरले. पुढे ऑडीनं टॉर्सेन हा डिफरन्शियल घेतला. त्यातले तिरक्या दात्यांचे गिअर घर्षणानं स्वतःच अडतात आणि पकड असलेल्या एक्सलकडे जास्त ओढ वळवतात. विजेची तार नाही, वाट पाहणं नाही. ओल्या घाटात वेगानं जाणाऱ्या मोटारीसाठी यापरतं सुंदर यंत्र क्वचितच असेल.

आज रस्त्यावर ‘ऑल-व्हील’ म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच मोटारी या दोन्ही कुळांतल्या नाहीत. त्यांचं इंजिन आडवं बसवलेलं, गाडी मुळात पुढच्या चाकांची. मागच्या एक्सलकडे एक बारीक शाफ्ट जातो आणि तिथे तेलात बुडवलेल्या चकत्यांचा क्लच असतो. पुढची चाकं घसरू लागली, किंवा घसरतील असं संगणकाला वाटलं, की पंप किंवा विद्युतचुंबक त्या चकत्या आवळतो आणि मागे ओढ जाते. स्वीडनच्या हाल्डेक्सनं १९९८ च्या सुमारास ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये ही पद्धत गाजवली. शेंद्र्याला जुळणी झालेली स्कोडा कोडियाक, रांजणगावची जीप कंपास आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० अशाच मागणीनुसार ओढ देणाऱ्या क्लचवर चालतात. २०१४ मध्ये आलेल्या ऑल-व्हील डस्टरनं हीच गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली होती.

एका खुणेच्या मागे किती वेगवेगळी यंत्रं असू शकतात, हे पाहायचं तर सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जावं. तिथल्या कारखान्यात ऑडीच्या क्यू-३, क्यू-५ आणि क्यू-७ जुळवल्या गेल्या. तिघींच्या अंगावर ‘क्वाट्रो’. पण क्यू-७ मध्ये मधला यांत्रिक डिफरन्शियल सतत चारही चाकांना ओढ देतो, अलीकडच्या पेट्रोल क्यू-५ मध्ये गरज नसताना मागची बाजू पूर्ण सुटी करणारा क्लच आहे, आणि क्यू-३ मध्ये मागच्या एक्सलजवळचा हाल्डेक्स जातीचा क्लच. विक्रेत्याला एवढंच विचारावं: मधे डिफरन्शियल आहे की क्लच, आणि तो कायमचा बंद करता येतो का? उत्तर देताना तो अडखळला तर माहितीपुस्तिका मागून घ्यावी.

क्लचची पद्धत टाकाऊ मुळीच नाही. पावसानं निसरड्या झालेल्या महामार्गावर ती छान साथ देते. आषाढीत पाऊस झाला तर पंढरपूरच्या वेशीवर मोकळ्या रानात केलेल्या वाहनतळातून अशी गाडी बहुतेक वेळा निघते. अडचण येते ती लांबलेल्या झुंजीत. नदीची वाळू किंवा नांगरलेलं ओलं रान यांत दहा-पंधरा मिनिटं क्लच सतत घसरत राहिला की तेल तापतं, आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी मागची ओढ सोडून देतं. म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी गाडी पुन्हा दोन चाकांची होते. यांतल्या बहुतेक गाड्यांना खरा लो गिअरही नसतो. कंपासमध्ये पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवून त्याची भरपाई केली आहे.

म्हणूनच मोहोळ-माढ्याकडच्या बागायतदारासाठी ऑल-व्हीलपेक्षा एक साधा पर्याय जास्त कामाचा ठरू शकतो. महिंद्राच्या बोलेरो निओचा एक प्रकार फक्त मागच्या चाकांवर चालतो, पण त्याला ते आपोआप लागणारं यांत्रिक लॉक आहे. एक चाक चरात गेलं तर दुसरं ओढतं. पुढचा शाफ्ट नाही, ट्रान्स्फर केस नाही, त्यांचं वजन आणि देखभाल नाही. वर्षातले दहा-पंधरा दिवस राडा आणि उरलेले दिवस कोरडा रस्ता, असा हिशेब असलेल्या जिल्ह्यात हा सौदा फायद्याचा आहे. सोलापूरचा वार्षिक पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आत. चिखल थोडे दिवस असतो. असतो तेव्हा मात्र जबर.

जबर तो पावसापेक्षा मातीमुळे. काळ्या कापसाच्या जमिनीतली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत लिंपली जाते. चाकाच्या चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. मग त्याला इंजिन जोडलेलं असलं काय आणि नसलं काय. ट्रॅक्टरच्या टायरचे उंच, तिरपे आणि लांब अंतरावरचे कंगोरे माती बाहेर फेकण्यासाठीच असतात. शहरी एसयूव्हीचे टायर शांत चालावेत म्हणून त्यांच्या खाचा बारीक आणि जवळजवळ असतात. रस्त्याच्या टायरवरच्या ऑल-व्हील गाडीला चांगले ऑल-टेरेन टायर घातलेली दोन चाकांची गाडी काळ्या रानात मागे टाकू शकते. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि तरतो. पण महामार्गाला लागण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर सोलापूरच्या उन्हात कमी हवेचा टायर तापून फुटतो.

टायरचा आणखी एक मुद्दा गॅरेजमध्ये हमखास दुर्लक्षिला जातो. आपल्याकडे दोन टायर नवे आणि दोन जुने ठेवायची रीत आहे. क्लचवाल्या ऑल-व्हील गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की संगणकाला वाटतं चाक घसरतंय, आणि तो सरळ रस्त्यावरही क्लच आवळत राहतो. चार टायरांतल्या झिजेचा फरक कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत हवा, आणि टायरची अदलाबदल वेळच्या वेळी.

चारही चाकांची ओढ गाडीला चालू करते, थांबवत नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे पुणे-सोलापूर महामार्गावर ओल्या रस्त्यावरून ताशी १०० किलोमीटरनं येणारी ऑल-व्हील गाडी तशाच टायरच्या साध्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. उलट घसरण जाणवत नसल्यानं चालक जास्त वेगानं जातो, यात धोका आहे.

दुसरा धोका पाण्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुरानं करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं आणि लांबोटीजवळ महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी ‘माझी फोर बाय फोर आहे’ म्हणून पुलावरच्या पाण्यात गाडी घालणारे दिसतातच. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० मिलिमीटर सांगितली जाते, ती संथ पाण्यातली, खालचा तळ माहीत असतानाची. वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की जड एसयूव्हीसुद्धा तरंगू लागते. टायर जमिनीवर टेकला नाही तर कुठलं लॉक आणि कुठला लो गिअर!

जून २०२५ मध्ये पुण्याच्या टाटांनी हॅरियरची विजेवरची आवृत्ती आणली आणि या सगळ्या कहाणीतून शाफ्टच काढून टाकला. पुढच्या एक्सलला १५८ पीएसची एक मोटर, मागच्याला २३८ पीएसची दुसरी. दोघींमध्ये ना दांडा, ना क्लच. पुढे-मागे ओढ वाटायचं काम संगणक करतो, आणि तो कुठल्याही क्लचपेक्षा झटकन करतो. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९०० साली तरुण फर्डिनांड पोर्शनं व्हिएन्नाच्या लोनर कंपनीसाठी चारही चाकांच्या तुंब्यांत विजेची मोटर बसवलेली गाडी बनवली होती. तिला डिफरन्शियलच लागत नव्हता. हॅरियरच्या प्रत्येक एक्सलवर मात्र एकच मोटर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात डिफरन्शियल आहेच, आणि तिथला आवर ब्रेकच घालतात. पेकरच्या युक्तीची गोम दोन शतकांनंतरही मिटलेली नाही.

दरम्यान ज्या पाणंदींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांवर मुरूम-खडी पडते आहे. राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. जिथे पाणंद पक्की झाली तिथे साध्या बोलेरोचं काम भागतं. जिथे नाही, तिथे गाडी घेणाऱ्यानं आपलं रान डोळ्यांपुढे आणून क्रम लावावा: आधी टायर, मग मागच्या एक्सलचं लॉक, मग लो गिअर, मग पोटाखालची उंची, चारही चाकांची खूण त्यानंतर.

आणि पार्ट-टाइम गाडी घेतलीच, तर कोरड्या महिन्यांत तिचा लीव्हर गंजू देऊ नये. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर पुढची ओढ चालू करून गाडी सरळ चालवावी, म्हणजे पुढच्या हाऊसिंगमधलं तेल दात्यांवर आणि सीलवर पोचतं. सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल सगळेच बदलून घेतात. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही हाऊसिंगचं तेल बदललं का, हे वेगळं विचारावं लागतं. गाडी पाण्यातून नेली असेल तर ते तेल लगेच तपासावं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं असतं, आणि तसंच चालवलं तर पुढच्या हंगामात क्राऊन-पिनियनचा खर्च येतो.